मुशीतला केक

मला केक करता येतो, ही अफवा आमच्या बेबीनं हैदराबादेत पसरवली. जिंतुरात कुणाचाही असा गैरसमज नव्हता.

बेबी म्हणजे माझी धाकटी नणंद. तिचं लग्न होऊन जेमतेम वर्ष होत आलं होतं. सासरी नवरा आणि सासू, एवढीच माणसं. नवरा अगदी गरीब गाय. आई काय म्हणेल त्याला मान हलवायची, हे काम त्याच्याकडे लहानपणापासून होतं आणि तो ते मन लावून करायचा. विहीणबाईंचं काम बोलण्याचं. त्या सकाळी चहाबरोबर सुरू व्हायच्या आणि अंथरुणावर पडल्यावर नाइलाजानं थांबायच्या!

तर झालं असं, की जावईबापूंनी हैदराबादेत कुठल्याशा बड्या हॉटेलात चॉकलेट मूस केक खाल्ला आणि घरी येऊन त्याचं कौतुक केलं. विहीणबाई लगेच म्हणाल्या, "तुझ्या सासुरवाडीत असलं काय ठावं असणार! भाकर आन् ठेचा, झालं यांचं." माहेरचं नाव निघाल्यावर आमची बेबी गप्प बसते होय? म्हणाली, "आमची वहिनी घरी करते चॉकलेट मूस केक!"

झालं! त्या दिवसापासून प्रत्येक जेवणाला एकच प्रश्न. "कधी खाऊ घालती गं तुझी वहिनी? का नुसत्या बाताच?" पोर बिचारी घास गिळायची आणि प्रश्नही गिळायची. आणि आता दिवाळीनंतर जावईबापूंचा वाढदिवस आला. तो सासुरवाडीलाच करायचा, असं विहीणबाईंनी ठरवलं. (जावईबापूंनी मान हलवली.) बेबी दोन दिवस आधी पुढं आली, पिशवी ओट्यावर टाकली आणि माझ्या गळ्यात पडून रडायलाच लागली.

"वहिनी, माझी इज्जत तुमच्या हातात हाय."

"अगं, पण मी कधी केक केलाय?"

"केला व्हता की! रव्याचा. वाळूत ठिवून."

"तो करपला होता बेबी. शेवटी म्हशीला घातला."

"खाल्ला ना पण तिनं?"

बेबी मला नणंद कमी आणि लेक जास्त होती. मी लग्न होऊन आले तेव्हा ती परकर नेसून माझ्यामागं मागं फिरायची. तिला सासरी रोज कुणी खोटारडी ठरवावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी पदर खोचला आणि विचारलं, "बरं, हा केक करतात कसा?"

"मला काय म्हाईत? मी कुठं बघितलाय! थर असत्यात म्हणं. आन् थंड देत्यात."

इथं आमच्या ह्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. हे शाळेत मराठी शिकवायचे. कुठलाही शब्द समोर आला की त्याची फोड केल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"मूस!" हे म्हणाले. "अगदी आपलाच शब्द आहे. मूस म्हणजे साचा. धातू वितळवून ओततात तो. आपण म्हणत नाही का, दोघं भाऊ एकाच मुशीतून काढलेत? चॉकलेट वितळवायचं, मुशीत ओतायचं. चॉकलेट मूस केक! कृती नावातच आहे."

"पण दादा," बेबी चाचरत म्हणाली, "ते म्हणत व्हते, लय मऊ लागतंय. फेसासारखं."

"हॉटेलवाल्याची मूस कच्ची असेल," मी म्हणाले. (हे वाक्य माझंच. ह्यांचं नाही, बेबीचं नाही. नंतर घरात चौकशी झाली तेव्हा सगळ्यांनी हे एकमतानं सांगितलं.)

आमच्या मागच्या गल्लीत लिंबाजी ओतारी राहायचे. बैलांच्या घंटा, घुंगरं, देवघरातल्या मूर्ती, सगळं पितळी ओतकाम त्यांच्याकडं. मी आणि बेबी गेलो तेव्हा ते भट्टीजवळ बिडी ओढत बसले होते.

"लिंबाजीमामा, एक मूस पाहिजे. मोठी."

"काय ओतायचंय?"

"केक."

लिंबाजीमामांनी जरा विचार केला. "पितळंचा का काशाचा?"

"मैद्याचा हो! खायचा."

"खायचा?" त्यांनी बिडी विझवली. धंद्यात काहीतरी नवं आलंय म्हटल्यावर त्यांच्या अंगात एकदम हुशारी आली. "मंग हाय की! पाटलाच्या वाड्यावरचं एक काम व्हतं, पोळ्याचं. त्यांच्या भावाभावात वाटण्या झाल्या आन् मूस ऱ्हायली पडून. मेण काढून टाकलंय, आतून कोरी हाय. ह्या भोकातून ओता, निखाऱ्यात ठिवा. जमतंय!"

मूस म्हणजे बाहेरून नुसता मातीचा गोळा, चांगला कलिंगडाएवढा. वर एक भोक. आत आकार कसला आहे, हे विचारायचं आम्हां दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. मी एवढंच विचारलं, "मग बाहेर कसा काढायचा?"

"फोडायची. एका मुशीत एकच माल निघतोय. हातोडी हाय ना घरी?"

घरी येऊन ह्यांना चॉकलेट आणायला पिटाळलं. आता आमच्याकडं चॉकलेट म्हणजे काय, हे सांगायला हवं. किराणा दुकानाच्या बरणीतून जे जे कागदात गुंडाळलेलं निघतं, ते सगळं चॉकलेट. संत्र्याची गोळी चॉकलेट, खोबऱ्याची वडी चॉकलेट, लिमलेटसुद्धा चॉकलेटच. हे मोठ्या अभिमानानं पिशवीभर घेऊन आले. "सगळ्या प्रकारचं आणलं. उगाच कमी पडायला नको!"

आम्ही बसून कागद सोलले. सगळं पातेल्यात टाकलं, लोण्याचा गोळा घातला आणि स्टोव्हवर वितळवलं. लाल, पिवळं, हिरवं असं उकळता उकळता एक रंग तयार झाला आणि तो चक्क चॉकलेटी होता! बेबीनं टाळ्या पिटल्या. मलाही वाटलं, देव आहे.

एवढ्यात सासूबाई स्वयंपाकघरात आल्या. त्यांनी पातेल्यात वाकून पाहिलं. "काय करायलीस गं? डिंक?"

"केक आहे आई. जावईबापूंसाठी."

"अंडं न्हाई ना घातलं?"

"नाही हो. मैद्याच्या पिठात दही आणि सोडा घातलाय."

"मंग घाला काय बी," असं म्हणून त्या गेल्या. जाताना पुटपुटल्या, "आमच्या येळी जावयाला पुरणपोळी पुरायची."

आता थर. भोकातून पीठ ओतायचं कसं? नरसाळं घरात एकच होतं, स्टोव्हमध्ये रॉकेल भरायचं. ते राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, बेबीनं वास घेतला आणि तिनं मान वळवून "येत न्हाई वास" असं सांगितलं. त्या नरसाळ्यातून पिठाचा एक थर ओतला. मूस मागच्या अंगणात निखाऱ्यांवर ठेवली. जरा आवळलं असेल असं वाटलं, की गोळ्यांचा थर. पुन्हा पीठ, पुन्हा गोळ्या. गोळ्यांचा पाक म्हणजे विस्तवच! दोन्ही हातांवर उडाला, टरारून फोड आले. बेबी फुंकर घालायची आणि मी ओतायचे. शेवटी भोकातून काहीतरी फसफसून वर आलं, तेव्हा झाला असं आम्ही समजलो.

राहिलं थंड करणं. फ्रीज तेव्हा जिंतुरात औषधांच्या दुकानात असायचा, आणि इंजेक्शनांच्या शेजारी केक ठेवायला दुकानदार तयार होईना. मग ह्यांनी तोड काढली. मूस बादलीत ठेवली आणि बादली दोरानं आडात सोडली, पाण्याला टेकेल न टेकेल अशी. दिवसभर शेजारणी पाण्याला यायच्या, आणि हे आडावर उभे राहून त्यांना सांगायचे, "जपून हं, खाली केक आहे."

संध्याकाळी परभणीच्या एस.टी.नं विहीणबाई आणि जावईबापू उतरले. विहीणबाई फाटकातूनच बोलत आत आल्या. रस्ता किती खराब, गाडीत किती गर्दी, चहात साखर किती कमी! मग पाय धुऊन सतरंजीवर बसल्या आणि म्हणाल्या, "हां, आणा बरं तुमचा केक. कवापासून ऐकायलोत."

बेबीनं माझ्याकडं पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

पाटावर जावईबापू बसले. सासूबाईंनी औक्षण केलं. मग ह्यांनी तो मातीचा गोळा दोन्ही हातांनी उचलून आणला आणि ताटात ठेवला. ताट कण्हलं. जावईबापूंनी बराच वेळ गोळ्याकडं पाहिलं.

"सुरी?" त्यांनी हळूच विचारलं.

"हातोडी," हे म्हणाले आणि दिली.

जावईबापूंनी आईकडं पाहिलं. आईला काही सुचेना, म्हणून तिनं मान हलवली. जावईबापूंनीही हलवली आणि हातोडी मारली. काही नाही. दुसरी मारली. मातीचं एक ढेकूळ उडून सासूबाईंच्या मांडीवर पडलं. "अगं बाई!" तिसऱ्या घावाला मूस उकलली आणि आतून एक शिंग बाहेर आलं.

पुढं अख्खा बैल आला. वशिंड, पाठीवर झूल, गळ्यात माळ, चार पाय. (दुसरं शिंग मुशीतच राहिलं.) पाटलांच्या घरी पोळ्याला पुजायचा पितळी बैल होता तो, आमच्याकडं गोळ्यांचा होऊन आला होता! इतका हुबेहूब, की मला क्षणभर स्वतःचं कौतुकच वाटलं.

"हा... बैल आहे?" जावईबापू म्हणाले.

इथं ह्यांनी गप्प बसायला हवं होतं. पण शब्द चुकीचा वापरलेला ह्यांना चालत नाही ना!

"नुसता बैल नव्हे," हे म्हणाले. "झूल आहे. म्हणजे नंदीबैल."

एकशिंगी नंदीबैल ताटात, आणि त्याच्यासमोर पाटावर आमचे मान हलवणारे जावईबापू! मला वाटलं, बादलीसारखं मलाही आडात सोडा.

"व्वा!" विहीणबाईंचा आवाज चढला. "माझ्या लेकाला नंदीबैल म्हणायलाव? त्याच्या वाढदिवसाला? घरी बोलवून बेइज्जती? अन् ही म्हणं वहिनीचा केक!"

बेबीचा बांध फुटला. "वहिनीचं काय बी चुकलं न्हाई! तिला केक येतच न्हाई. मीच खोटं बोलले. तुमी रोज माझ्या माहेराला नावं ठिवायच्या, म्हणून बोलले. तिनं माझ्यापायी दोन्ही हात भाजून घेतले, बघा तरी!"

मी हात पदराखाली लपवले. विहीणबाई पुढं आल्या आणि त्यांनी ते ओढून बाहेर काढले. फोड पाहिले. खरं सांगते, त्या बाईबद्दल माझ्या मनात जे काही होतं ते त्या क्षणी पुसून गेलं, कारण त्यांच्या डोळ्यांत चटकन पाणी आलं.

"अगं येडे," त्या मला म्हणाल्या, "केकापायी हात जाळून घेत्यात का कुणी?"

आणि मग, कुणी काही म्हणायच्या आत, त्यांनी बैलाचा एक पाय कडाड्‌कन मोडला आणि तोंडात घातला. केवळ माझं मन राखायला! मला रडूच आलं.

त्यांनी एकदा चावलं. दुसऱ्यांदा चावायला गेल्या आणि तशाच थांबल्या. डोळे मोठे झाले. त्यांना कवळी होती, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. संत्रा, लिमलेट आणि खोबरं यांनी मिळून वरची कवळी खालच्या कवळीला अशी काही धरली, की सोडायचं नाव नाही!

"म्म्म!" विहीणबाई म्हणाल्या.

"आवडला वाटतं," सासूबाई म्हणाल्या.

"म्म्म! म्म्म्म!"

जावईबापू आईकडं बघत राहिले. हो म्हणते की नाही, काहीच कळेना. जन्मात पहिल्यांदा त्या माणसावर स्वतःच्या मनानं बोलायची पाळी आली. त्यांनी बैलाच्या शेपटीचा तुकडा मोडून चोखला आणि म्हणाले, "छान आहे. बेबी काही खोटं बोलली नव्हती. वहिनींना केक येतो."

आईनं जोरात "म्म्म!" केलं. तो होकार समजून ते पुढं म्हणाले, "आणि आई, यापुढं जेवताना तिच्या माहेराचा विषय नको."

बेबी रडता रडता हसायला लागली. मी गरम पाणी आणायला धावले. बराच वेळ गुळण्या केल्यावर कवळी सुटली, बैलाच्या अर्ध्या पायासकट. आता काय ऐकायला मिळतंय, म्हणून आम्ही सगळे श्वास रोखून उभे. विहीणबाईंनी तोंड पुसलं, आधी लेकाकडं पाहिलं, मग सुनेकडं.

"चव बरी हाय," त्या म्हणाल्या. "जरा घासलेटचा वास येतोय, एवढंच." आणि खो खो हसत सुटल्या. कवळी हातात असल्यामुळं ते हसू फारच गोड दिसत होतं.

बेबीचा संसार पुढं छान झाला. हैदराबादेहून कुणी येणारं असलं, की तिचा निरोप यायचा, "सासूबाई दोन दिस झालं लय बोलायल्यात. केक पाठवा." तो निरोप विहीणबाई स्वतः शेजारी बसून सांगायला लावायच्या, असंही कळायचं.

आता मीही सासू झाले आहे. माझी सून शिकलेली, गुणाची, तिच्याकडं ओव्हन आहे, खरा मऊ मूस केक ती डोळे मिटून करते. माझं तिच्यावाचून पान हलत नाही, आणि मी तिला दिवसभर चार गोष्टी सांगत असते. परवा ती माझ्याजवळ येऊन बसली आणि लाडानं म्हणाली, "आई, तुमचा तो मुशीतला केक मला शिकवा ना."

मला भरून आलं. म्हटलं, "अगं, आता कोण खाणार तो? कुणासाठी करायचाय?"

ती म्हणाली, "तुमच्यासाठीच."