बेटावरच्या कोटाचं दार

"बंद म्हणू नका हो, ओढून घ्या म्हणा!"

तिकडे परदेशात, बुकित पंजांगला आमच्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ हे इतक्या कळवळून सांगत, की पाहुणा कडीवरचा हात काढून घेई. तुम्ही पाहिलं असतंत तर तुम्हालाही हसू आलं असतं. त्यांचं स्वतःचं लाकडी दार दिवसभर सताड उघडं. मी चिडवायचे, "एवढे मोठे इंजिनिअर, आणि दाराला घाबरता?"

एका रविवारी चहा घेताना त्यांनी कारण सांगितलं. कोकणच्या किनाऱ्यापासून लांब, एका खडकाळ बेटावर त्यांच्या घराण्याचा लहानसा कोट होता. ओहोटीला घरातल्या बायका खडकांवर कालवं काढायला गेल्या होत्या, तेवढ्यात शत्रूची गलबतं दिसली. मूळपुरुषाने हुकूम सोडला, "दार बंद!" बायका धावत आल्या, दार ठोठावत राहिल्या. भरती चढली. दार काही उघडलं नाही. कोट वाचला. पुढे तो ओस पडला, ढासळला. आता तिथे तटाचे चार दगड आणि दाराची कमान उरली आहे.

"आम्ही आत राहिलेल्यांचे वंशज," ते म्हणाले. मी कप खाली ठेवला.

मग सार्सची साथ आली. लिफ्टमध्ये कोणी खोकलं तरी बाकीचे पुढच्याच मजल्यावर उतरून जायचे. एका दुपारी त्यांची बायको ऑफिसातून ताप घेऊन परतली आणि बाहेर कॉरिडॉरमध्येच थांबली. त्यांची छोटी मुलगी मनू दारात आली. मी माझ्या जाळीच्या दाराआडून बघत होते. पुढे व्हायची माझी छाती झाली नाही.

"अहो, माझी बॅग बाहेर ठेवा. मनूला आत घ्या आणि दार बंद करा."

"ओढून घेतो."

"बंद करा!"

त्यांनी बंद केलं. अॅम्ब्युलन्स येईपर्यंत ती एकटीच उभी होती.

ताप साधाच निघाला. काही दिवसांनी ती परत आली. तिने बेल वाजवली, मग दार ठोठावलं.

"अहो, मी बरी झालेय. सोडलं मला."

आतून आवाज आला, त्यांचाच, पण ओळखू न येणारा. "मनू, कडीला हात लावू नकोस!"

ती ठोठावत राहिली.

"पपा, इट्स ओन्ली मम्मी लाह!" असं तिथल्या मुलांच्या इंग्रजीत म्हणत पोरीनेच कडी काढली.

ती आत गेली. ते मात्र बाहेर येऊन भिंतीला टेकले.

"वहिनी," ते मला म्हणाले, "मीही नाही उघडलं."

"अहो, आत या ना," ती आतून म्हणाली.

तिने पुन्हा हाक मारली. ते हलले नाहीत.