दम मोजणारे सर

पोरांच्या दमाची इतकी काळजी करणारा माणूस अख्ख्या पुण्यात दुसरा नसेल. आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर राहणारे हे गृहस्थ कसब्यातल्या एका शाळेतून पी.टी.चे सर म्हणून निवृत्त झाले, म्हणजे फक्त पगार थांबला. जिन्यात मूल दिसलं की ते त्याला उड्या मारायला लावत. पाहुण्यांची मुलंही सुटत नसत. माझ्या मेहुण्याच्या मुलाने चहा येईपर्यंत बैठका काढल्या आहेत. कोण किती खेळलं हे मोजायचं सरांचं साधन म्हणजे तेराचा पाढा. खेळून आलेल्या मुलाला फाटकाशी अडवायचं आणि पाढा म्हणायला लावायचा. सलग म्हटला तर खेळलाच नाही. अडखळला तर दम लागलाय. मी आकडेमोडीचा माणूस. घड्याळ का नाही लावत, असं विचारलं, तर म्हणाले, "अहो, घड्याळाला काय कळतंय? पोरगं कट्ट्यावर बसून राहिलं तरी ते पुढेच जातं."

तेव्हा हिंजवडीच्या नोकऱ्यांमुळे घरटी गाडी आली होती. मागच्या मोकळ्या जागेत पार्किंग करावं, असा ठराव सभेपुढे आला. सर ताडकन उठले. "मुलं तिथे भरपूर खेळतात. तेरा त्रिकच्या पुढे एकाचाही श्वास पुरत नाही!"

सेक्रेटरींनी शांतपणे आईशेजारी बसलेल्या तिसरीतल्या मुलीला पाढा विचारला. तेरा त्रिकला ती थांबली.

"पळत आलीस?"

"नाही काका, लिफ्टनं. पुढचं येत नाही. आम्हाला टेबल्स इंग्लिशमध्ये असतात."

सभा हसून हसून दमली. सर हसले नाहीत. "म्हणजे पोरं खेळतच नाहीत," ते हळू म्हणाले. "मग तर जागा हवीच."

"हवीच ना. गाड्यांना," सेक्रेटरी म्हणाले. ठराव मंजूर झाला. जमिनीवर फरशा आल्या, फरशांवर पांढरे पट्टे.

पण सकाळी गेलेल्या गाड्या अंधार पडल्याशिवाय परतत नाहीत, हे सरांच्याच लक्षात आलं. शाळा सुटली की ते मुलांना खाली उतरवू लागले. लंगडीला पट्ट्यांची चौकट आयतीच मिळाली. हिंजवडीहून वैतागून आलेल्या माणसाला ते खुशीत विचारत, "आज ट्रॅफिक फार होतं वाटतं? छान!"

आता गुडघ्यांमुळे सर खाली येत नाहीत, बाल्कनीत बसतात. पहिल्या गाडीचे दिवे फाटकातून आत वळले, की "बाजूला व्हा रे" असं त्यांनाच ओरडावं लागतं. मुलं भिंतीकडे सरकतात, गाडी आपल्या जागेवर उभी राहते, आणि सर खुर्ची आत घेतात.