बाजूला काढलेली मूठ

गडहिंग्लजच्या एसटी स्टँडवर आईनं माझ्या बॅगेची चेन पुन्हा उघडली आणि तांदूळ मोजायचं तिचं पितळी मापटं स्वेटरांमध्ये कोंबलं. "रिकामं देऊ नये गं, पण तिकडं दाणा नेऊ देत नाहीत म्हणे," म्हणून आत एक रुपया टाकला. धाकटा भाऊ संजू हसत होता, "न्यूझीलंडात काय भांडी मिळत नाहीत होय?" गाडी हलली तशी आई खिडकीशी आली. "सुमे, मूठ काढायला विसरू नको."

आमच्याकडे तांदूळ मापट्यानं घेतला की धुण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या डब्यात टाकायची. घराच्या अडीनडीला. बाबा गेले तो महिना आम्ही त्याच डब्यावर काढला. तरी मला त्या मुठीची लाज वाटायची. चिक्कूपणा वाटायचा.

ऑकलंडला हॉस्पिटलात नर्स म्हणून लागले आणि मूठबीठ सगळं विसरले. दर पंधरवड्याला पगार, मग काय! रोज कॅफेतली कॉफी, दूध-ब्रेड कोपऱ्यावरच्या महागड्या डेअरीतून, हीटर दिवसभर चालू. पहिल्या हिवाळ्याचं विजेचं बिल बघून मात्र मी खाली बसले.

मला सुधारलं होआनं. माउंट रॉस्किलमध्ये एकाच ड्राइव्हवेत पुढे तिचं घर, मागे माझं युनिट. ही व्हिएतनामची. नवरा बेकरीत, दोन मुलं, आणि घरातला सगळा पैसा तिच्या हातात. पगार झाला की रोख काढून पाकिटं भरायची: भाडं, वीज, जेवण, लग्नं-मयती. पण सगळ्यांत आधी गावाकडच्या आईबापांचं पाकीट. "सुमा, यू वेस्ट हीप्स," फार उधळतेस, असं तिनं मला तोंडावर सांगितलं. मग शिकवलंही. रविवारच्या बाजारात दुकानं आवरायच्या वेळेला जायचं. कांद्याच्या पातीची मुळं टाकायची नाहीत, कुंडीत खोचायची. थंडीत एकच खोली तापवायची.

एकदा तिला तांदूळ घेताना पाहिलं. कंडेन्स्ड मिल्कच्या जुन्या डब्यानं मोजला, एक मूठ काढली आणि बरणीत टाकली. मी ओरडलेच, "अगं बाई, ही तर आमची मूठ!" तिच्या आजीची सवय म्हणे. मी पळत घरी गेले आणि बॅगेच्या तळातलं मापटं काढलं. त्या दिवशी मला आईची इतकी आठवण आली, की रडत रडत भात लावला.

मग मीही पाकिटं केली. पहिल्यावर लिहिलं 'आई'. तिला सहा महिन्यांसाठी इकडे आणायचं, एवढं एकच वेड. कॉफी सोडली, डबा नेऊ लागले, बससाठी पावसात उभी राहिले. अशी चार वर्षं. तिकीट, व्हिसा, मेडिकल, इन्शुरन्स, सगळ्याचे पैसे जमले तेव्हा आईच्या खात्यावर एकदम पाठवले. होआनं कुठल्याशा गराज सेलमधून एक उंच खुर्ची आणून दिली. "मॉम्स नीज," म्हणाली. आईचे गुडघे दुखतात, हे तिच्या लक्षात होतं.

आणि आईची कारणं सुरू झाली. पासपोर्टवर नाव चुकलंय. पोलीस चौकशीला माणूस आला नाही. आता काय, अधिक महिना आहे. मी नर्स, रोज माणसांच्या थापा ऐकते. "सिगारेट सोडली सिस्टर" म्हणणारे मला वासावरून कळतात. आईची एकही थाप मला कळली नाही.

भावजयीच्या स्टेटसवर फोटो आला. संजूच्या नव्या मोबाइल दुकानाचं उद्घाटन. रिबन कापतेय कोण, तर आई. नवी पैठणी, हातात कात्री, आणि चेहरा इतका आनंदी की मला आधी बरंच वाटलं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. फोन लावला.

"आई, पासपोर्टचं काय झालं?"

"काढलाच नाही गं."

"आणि पैसे?"

"संजूचं अडलं होतं. तुला तिकडं काय कमी आहे? आणि मूठ काढतात कशाला, सुमे? घराच्या अडीनडीलाच ना?"

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. मागितले असतेस तर दिले असते, एवढं मात्र तीनदा बोलले. पैसे गेल्याचा राग नाहीच, खरं सांगते. दर रविवारी मी तिला इथल्या थंडीचं सांगायचे, खुर्ची कुठल्या खिडकीशी ठेवलीय ते सांगायचे. ती "हो हो, येते की" म्हणायची, आणि तिनं पासपोर्टचा साधा फॉर्मही भरला नव्हता! माझ्या आईनं मला गंडवलं. दुसरा शब्द नाही त्याला.

होआला सांगितलं तर ती समजूत घालत बसली नाही. म्हणाली, आईचं पाकीट बंद करू नकोस, पण तिच्या हातात देऊ नकोस. म्हणून आता आईच्या औषधांचे पैसे दर महिन्याला थेट गावातल्या केमिस्टकडे जातात. आई रुसली आहे. रुसू दे.

तुम्ही जे तिकडे राहिलात, त्या तुम्हाला हे उद्धट वाटेल. आणि जे माझ्यासारखे निघून आलेत, ते पुढचं न सांगताही ओळखतील. त्या स्टँडवर आईनं खरंच मूठ बाजूला काढली होती. ती मूठ म्हणजे मी, मापट्याबरोबर गाडीत बसवलेली. बाजूला काढलेली मूठ परत मापट्यात जात नाही, हे तिला पहिल्यापासून ठाऊक होतं. मला कळायला इतकी वर्षं लागली.

फोन झाला त्या संध्याकाळी तांदूळ घेतला. सवयीनं मूठ उचलली, आणि परत मापट्यात सोडली. भात जास्तच झाला. वाडगाभर होआकडे दिला, उरलेला ताटात घेतला आणि त्या उंच खुर्चीत बसून पोटभर जेवले. आता ती माझी खुर्ची आहे. कुणी विचारलं घर कुठे, तर मी माउंट रॉस्किल सांगते, गडहिंग्लज सांगत नाही.