बाबांच्या जागी चप्पल

मी ऑफिसात एका वेबमालिकेचा करार वाचत होते, तेवढ्यात आईचा फोन आला.

"अगं, तुझ्या बाबांच्या जागी चप्पल आलीय."

आईची वाक्यं कायम मधल्या स्टेशनातून सुटतात. बाबांना जाऊन तेव्हा तीनेक वर्षं झाली होती. मला वाटलं, हॉलमधला फोटो पडला की काय.

"कुठल्या जागी? भिंतीवर?"

"भिंतीवर कशाला? उखाण्यात! व्हिडिओ पाठवलाय बघ. आणि बघून झाला की खेच त्यांना कोर्टात."

आता हे कोर्टाचं आधी सांगून टाकते. मी कॉपीराइटची वकील आहे. म्हणजे कुणाची गोष्ट, कुणाचं गाणं, कुणी कुठे दाखवायचं, याचे करार अंधेरीत एसीत बसून तपासते. काळा कोट घालून कोर्टात उभं राहायचा प्रसंग माझ्यावर क्वचितच येतो. त्यामुळे आई चारचौघांत माझी ओळख "ही वकील आहे, पण भांडत नाही" अशी करून देते. घरी मात्र मी भांडते, हे ती सोयीस्कर विसरते.

व्हिडिओ बघितला. एक गोरीगोमटी मुलगी, नऊवारी नेसलेली, गोराईच्या धक्क्यावर होडीत पाय ठेवते. पायातली चप्पल डुबकन पाण्यात. मग ती कॅमेऱ्याकडे बघून लाजते आणि उखाणा घेते. उखाणा आईचाच होता, शब्दन् शब्द. फक्त जिथे नवऱ्याचं नाव यायला हवं, तिथे एका चप्पल कंपनीचं नाव होतं.

मूळ उखाणा असा:

गोराईच्या होडीत चढताना चप्पल गेली पाण्यात,
अमुकरावांनी आपलीही सोडली, चाललो दोघं उन्हात.

अमुकराव म्हणजे बाबा. त्यांचं खरं नाव मी इथे लिहीत नाही, ते आईच्याच तोंडी शोभायचं. एरवी ती त्यांना "अहो" आणि "हे" यापलीकडे काही म्हणाली नाही. नाव घ्यायचं ते उखाण्यातच, आणि तेही असं ठसक्यात की हळदीकुंकवाला आलेल्या बायका वाटलेलं वाण विसरून टाळ्या पिटायच्या.

हा गोराईचा उखाणा आमच्या घरचं भूषण होता. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा आईबाबा बोरिवलीहून होडीने गोराईला फिरायला गेले होते, ही त्यामागची गोष्ट. बाबा ती पाहुण्यांना रंगवून सांगायचे. "हिची चप्पल गेली. नवीकोरी! रडायला लागली. मग मी काय केलं? म्हटलं, घे, माझ्याही जाऊ देत. दिल्या सोडून!" दरवर्षी त्यात वाळू जास्त तापायची. शेवटी शेवटी तर बाबांच्या पायाला फोड आले होते आणि होडीवाला नाखवा त्यांना हात जोडून "धन्य आहे तुमची" म्हणाला होता. आई स्वयंपाकघरातून नुसती "हो, हो" म्हणायची.

आणि आईचा उखाणा म्हणजे सोसायटीचा सार्वजनिक नळ. ज्याला हवं त्याने भरून न्यावं. कुणाच्या सुनेचा गृहप्रवेश, कुणाचं डोहाळजेवण, आधी आईला फोन. ती विचारायची, "नवऱ्याचं नाव किती अक्षरी? दोन असेल तर मागे एक शब्द वाढवावा लागेल." बाकी उखाणा तोच राहिला तरी चालायचा, नाव बदललं की झालं. उखाण्याची रीतच ती. आमच्या सोसायटीतल्या निम्म्या नवऱ्यांनी अशा रीतीने गोराईच्या खाडीत चपला सोडल्या आहेत. त्यातल्या एकाला तर बोट लागते, तो एलिफंटालाही गेलेला नाही.

बाबा गेले आणि आईला हळदीकुंकवाची बोलावणी थांबली. कुणी मुद्दाम काही बोललं नाही, बायका बिचाऱ्या अवघडल्या आणि त्या अवघडण्याचीच सवय झाली. पण उखाणे मात्र आईकडूनच न्यायच्या! मला भयंकर संताप यायचा. मी एकदा म्हटलंही, "देऊ नकोस ना त्यांना. तू चालत नाहीस, पण तुझे उखाणे चालतात?"

"अगं, माझे उखाणे सवाष्ण आहेत अजून," आई म्हणाली आणि हसली. मला हसू आलं नाही. त्या तीन वर्षांत तिने स्वतः एकदाही बाबांचं नाव घेतलं नव्हतं. कुठे घेणार?

तर असा हा उखाणा. समोरच्या काकूंच्या सुनेने गृहप्रवेशाला तो आपल्या नवऱ्याचं नाव घालून घेतला, त्याचा रील केला, रील फिरला, आणि फिरत फिरत मरोळच्या त्या चप्पल कंपनीत जाऊन पोचला.

"मला एक पैसा नको," आईने पहिल्याच दिवशी सांगितलं. "ह्यांच्या जागी चप्पल नको, बस्स. जन्मभर त्या माणसाने मान खाली घालून नोकरी केली, आणि मेल्यावर काय, तर चप्पल? शोभतं का?"

मी कंपनीला रीतसर नोटीस धाडली. छान लिहिली होती, अजूनही म्हणते. माझ्या आशिलाच्या आयुष्यात घडलेल्या सत्य घटनेवर तिने स्वतः रचलेली ही रचना आहे, परवानगी न घेता तुम्ही वापरली, व्हिडिओ काढून टाका. 'सत्य घटना' हे शब्द मी ठळक केले होते. फार जोर आला त्याने, असं मला वाटलं.

उत्तर आलं. मी ते आईला मराठीत सांगितलं: हा उखाणा पारंपरिक लोकसाहित्यातला आहे, त्यावर कुणा एकाचा हक्क नाही.

"लोकसाहित्य म्हणजे?"

"म्हणजे कुणी रचलं ते माहीत नसतं. लोकांनी मिळून रचलेलं."

"मग विचारायचं ना! मी काय मेलेय? बोरिवलीत राहते, लँडलाइनसुद्धा चालू आहे." मग म्हणाली, "मला लोक केलं गं त्यांनी!"

हा अपमान तिला चपलेहून जास्त लागला असावा, कारण त्या दुपारी तिने मला न विचारता एक उद्योग केला. सोसायटीच्या बायकांच्या ग्रुपवर टाकलं: "माझा गोराईचा उखाणा एका कंपनीने चोरलाय. माझ्या बाजूने उभ्या राहा."

आणि बाया उभ्या राहिल्या हो! हळदीकुंकवाला न बोलावणाऱ्या त्याच बाया. कंपनीच्या त्या जाहिरातीखाली जाऊन त्यांनी आपापले व्हिडिओ चिकटवले. "हा आमच्या सोसायटीचा उखाणा आहे!" "मी माझ्या लेकाच्या मुंजीच्या वेळी घेतलाय, हा बघा पुरावा!" "माझ्या लग्नात मी घेतला, चोर कंपनी!" प्रत्येकीच्या व्हिडिओत उखाणा तोच, नवरा वेगळा. एकीने तर आपल्या मालाडच्या बहिणीचाही व्हिडिओ टाकला, पाठिंबा म्हणून.

वाट लागली. मी डोक्याला हात लावून बसले. हा उखाणा एका बाईचा आहे हे सिद्ध करायचं होतं, आणि आमच्याच फौजेने तो गावाचा आहे हे जाहीर करून ठेवलं होतं.

"बघ किती जणी आल्या माझ्यासाठी," आई फोनवर म्हणाली. आवाज भरून आला होता. मी म्हटलं, "हो गं, झकास काम केलंत."

मग कंपनीने बोलणी करायला मरोळला बोलावलं. आई ठेवणीतली साडी नेसून आली. औद्योगिक वसाहतीतली जुनी इमारत, वर काचेचं नवं ऑफिस, आणि दारातच काचेच्या कपाटात मांडलेल्या चपला. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की त्या मुकाट उतरून बाहेर जातील असं वाटलं.

आत दोघंच होते. एक कंपनीचा वकील, मुलुंडचा, माझ्याच वयाचा, करारांच्या निमित्ताने ओळखीचा. दुसरी ती जाहिरात लिहिणारी मुलगी. मुलगी आईला बघून उठून उभी राहिली. "काकू, मला खरंच फार आवडला होता हो. मला वाटलं, जुनाच आहे."

"जुनाच आहे. पण माझा जुना आहे," आई म्हणाली.

वकिलाने चहा मागवला आणि मग लॅपटॉप आमच्याकडे वळवला. पडद्यावर आमच्या सोसायटीच्या बाया ओळीने उखाणा घेत होत्या. "मॅडम, हे तुमच्याच बाजूचे साक्षीदार ना?" तो मला म्हणाला. फार गोड हसला मेला. "आणि दुसरं, तुम्हीच लिहिलंय की ही सत्य घटना आहे. घटनेवर कुणाची मालकी नसते, हे मी तुम्हाला काय सांगायचं? चप्पल पडली, नवऱ्याने आपली सोडली, दोघं चालत गेले. जे घडलं ते दोन ओळींत सांगितलं, एवढंच. ह्यात रचलं काय?"

तसं उत्तर होतं माझ्याकडे, मांडणीबद्दल, शब्दांच्या निवडीबद्दल. पण आपलेच ठळक केलेले शब्द आपल्याच अंगावर आले की जीभ जरा अडखळते.

"कोण म्हणालं घडलं?" आईने विचारलं.

आम्ही तिघांनी तिच्याकडे बघितलं.

"असं काही घडलं नाही. माझी चप्पल पडली एवढं खरं. ह्यांनी कुठली सोडायला! ह्यांनी त्या होडीत सगळ्यांसमोर माझी खरडपट्टी काढली. 'नवीकोरी चप्पल! डोकं कुठे असतं तुझं?' पलीकडे उतरलो, तर आपल्या चपला घालून हे तरातरा पुढे. मागे वळून नाही बघितलं. मी त्या वाळूतून पाय भाजत, रडत, मागून."

"आई, बाबा तर..."

"थांब गं. मग पहिली संक्रांत आली. हळदीकुंकवाला ह्यांची आई होती, बहिणी होत्या, हे बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. सगळ्या मला म्हणाल्या, घे नाव. काय सांगायचं? माझा नवरा कसा आहे म्हणून सांगायचं? मग मी रचलं."

आणि ती सावरून बसली, पदर खांद्यावर ओढला आणि तिथे, त्या चपलांच्या कंपनीत, तिने उखाणा घेतला. पूर्ण. बाबांच्या नावासकट, त्याच जुन्या ठसक्यात. तीन वर्षांनी मी ते नाव तिच्या तोंडून ऐकत होते. मला रडू आलं आणि मी ते आवरलं नाही. गेला व्यवसाय खड्ड्यात.

"बाहेर पेपरची सळसळ थांबली," आई म्हणाली. "रात्री जेवताना मान वर नाही केली ह्यांनी. चिडले असतील म्हटलं. पण दुसऱ्या दिवशी नवी चप्पल घेऊन आले. मापाला लहान आणली, पण आणली."

जाहिरातवाल्या मुलीने हळूच विचारलं, "मग झाले का ते तसे? उखाण्यातल्यासारखे?"

आईने खरोखरच विचार केला. "पटकन नाही. पण मी दरवर्षी घ्यायची ना तो उखाणा. ऐकून ऐकून ह्यांना खरंच वाटायला लागलं की आपण चप्पल सोडली होती. मग तसं वागायलाही लागले थोडे थोडे. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा मला डॉक्टरांनी वर्षभर जमिनीवर बसायचं नाही सांगितलं. हेही बसले नाहीत. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना."

ते मला आठवत होतं. सणाच्या पंगतीतही बाबा तिच्या शेजारी खुर्चीवर बसून जेवायचे. त्यांचीही कंबर धरली असेल असं मी समजत होते.

वकिलाने लॅपटॉप मिटला. "म्हणजे काकू, सगळं तुम्हीच रचलंत."

"तेच सांगायला आलेय ना मघापासून. चप्पल रचली, ऊन रचलं. नवरासुद्धा मीच रचलाय. आणि तुम्ही त्याच्या जागी चप्पल बसवता?"

त्यापुढे फारसं बोलणं झालं नाही. व्हिडिओ त्याच दिवशी काढून टाकायचं ठरलं. मुलीने भीत भीत विचारलं, आमच्यासाठी एखादा नवा लिहाल का, तुमचं नाव देऊ. आई म्हणाली, "लिहीन की. पण चपलेची जागा पायात, एवढं लक्षात ठेवायचं."

आम्ही उठलो. दारापर्यंत पोचवायला आलेला वकील शेवटी मला म्हणाला, आणि बरोबरच म्हणाला, "मॅडम, एक राहिलं. तुमच्या सोसायटीतल्या त्या सगळ्या जणींनाही व्हिडिओ काढून टाकायला सांगा. नाहीतर उद्या आणखी कुणी उचलेल, आणि तुमचा हक्क परत कच्चा."

मी हो म्हणणार होते. कायद्याने तेच योग्य होतं.

"छे रे," आई पायात चप्पल सरकवत म्हणाली. "त्यांना घेऊ दे. त्यांचे नवरे अजून चपला घालून पुढेच चाललेत."