चपलेच्या चकत्या

विंझर गावाच्या वर डोंगरात आमची वस्ती आहे. तिथं विहिरीच्या कठड्याजवळ चपला घालून कुणी जात नाही. पाहुणा असला तरी त्याला चार पावलं अलीकडंच चपला काढायला लावतात. कळायला लागल्यापासून मला हे माहीत आहे, आणि तरी जे झालं ते माझ्याच हातून.

आईचा उजवा खांदा धरला होता. विहिरीतून पोहरा ओढताना ती दात आवळायची, विचारलं तर म्हणायची, "वयाचं हाय, चालायचंच." मी शहरातल्या कारखान्यात फिटर. आपल्या हाताला गुण आहे, अशी माझी भलतीच समजूत. मोटर बसवावी तर आमच्याकडची वीज म्हणजे आली तर आपली. म्हणून मोबाईलवर बघून दोरीचा पंप करायला घेतला. सायकलचं जुनं चाक, त्याला हँडल, नायलॉनची दोरी आणि विहिरीत सोडलेला प्लॅस्टिकचा पाइप. दोरीला हातभर अंतरावर रबराच्या चकत्या ओवायच्या. चाक फिरवलं की दोरी पाइपातून वर येते, आणि प्रत्येक चकती आपल्यावरचं पाणी घेऊन येते.

रबरासाठी मी वस्तीवरच्या जुन्या स्लिपर गोळा केल्या आणि ओट्यावर कापायला बसलो. आई बघत होती.

"चपला हायत व्हय ह्या?"

"रबर ते रबर, आये. साबणानं घासल्यात."

"बरं," ती म्हणाली आणि आत गेली.

मी सवयीनं माझ्या चपला चार पावलं अलीकडं काढल्या, आणि चपलांच्या चकत्यांची माळ हातात घेऊन कठड्यावर चढलो. आज आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

पाणी भसाभसा आलं. मी अख्खी वस्ती गोळा केली. शेजारची चुलती म्हणाली, "लई डोकं चालवलंस रं." आईनं चाकाला हळदकुंकू लावलं. मी नुसता फुगलो होतो. पुढं दर फोनवर मी पंपाची चौकशी आधी करायचो, तिची नंतर.

"झकास चाललाय," ती म्हणायची. "खांदा कसा फुलावानी हलका झालाय."

उन्हाळ्यात ती ओढ्याकडच्या झऱ्याच्या वाटेवर घसरली. खुबा मोडला. दवाखान्यात तिला बघताच मी ओरडलो, "दारात पंप असताना झऱ्यावर काय मरायला गेली होतीस?" हेच शब्द होते माझे.

"सवय रं, बाळा," ती म्हणाली. "पाय वळत्यात तिकडं."

घरी आणली ती अंथरुणावरच. महिनाभर रजा काढून मी तिच्यापाशी बसलो. पंपाचं ताजं पाणी मीच पाजायचो. ती पेला दोन्ही हातांत धरून क्षणभर बघायची, मग डोळे मिटून प्यायची. मला वाटायचं, गिळताना दुखत असेल. शेवटी तिच्या तोंडात तुळशीचं पान घालून पाणी सोडलं, तेही पंपाचंच.

दहाव्याच्या नैवेद्याचा भात टाकायचा होता. मी पंपावरून भरलेली कळशी घेऊन आलो, तर चुलतीनं माझा हात धरला.

"ह्या पान्यानं नगं. आज तरी तिला झऱ्याचं मिळू दे."

"म्हणजे?"

"पंप बसला त्या दिसापासनं तिनं हिरीचं पानी तोंडाला लावलं न्हाई. चपला बुडल्यात ना त्यात. गुरांला, भांड्याला ते घ्यायची. प्यायला आन देवाला झऱ्याचं. पोरानं हौसेनं केलंय, त्याला सांगू नगा म्हनली."

म्हणजे पंपाआधी दुखऱ्या खांद्यानं का होईना, दारातलं पाणी तरी तिचं होतं. तेही मीच काढून घेतलं.

"मग महिनाभर मी पाजलेलं कशी प्यायली?"

चुलतीनं डोळ्याला पदर लावला. "म्या इचारलं व्हतं. म्हनली, त्याच्या हातचं हाय, न्हाई कसं म्हनू?"

हंडा उचलून मी झऱ्यावर गेलो. रडत होतो, पण हंडा भरला. वर येताना मला तो तीनदा खाली टेकवावा लागला. ती हे रोज करत होती, आणि खांदा फुलावानी हलका झालाय म्हणून मला फोनवर सांगत होती.