मार्लिसनं न घेतलेलं नाव

मार्लिस ड्रेगरच्या स्कूलबसमधून शाळेत गेला नाही असा माणूस टॅमरॅकमध्ये शोधून सापडायचा नाही. बँकेचा मॅनेजर, पेट्रोलपंपवाला, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारी बाई, सगळे कधी ना कधी तिच्या आरशात दिसलेले आणि तिच्या एका हाकेसरशी जागेवर बसलेले. आमचे आमदार क्लेटन बर्गडॉर्फ तिसरीत असताना तिच्या सीटमागेच ओकले होते. ते निवडून आल्यावरही मार्लिस त्यांना चारचौघांत म्हणायची, "क्लेटन, खिडकी उघडी ठेव हं." आमदार हसायचे. न हसून करतात काय.

बाई पक्की रिपब्लिकन. काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, जत्रेत पक्षाच्या मंडपात तिच्या लिंबाच्या वड्या असेतोवर गर्दी, वड्या संपल्या की भाषण ऐकायला चार म्हातारे. त्याच पक्षाच्या क्लेटनची प्रचाराची पाटी तिच्या अंगणात सगळ्यांच्या आधी लागायची आणि निवडणूक होऊन बर्फ पडला तरी निघायची नाही. बंदुकांबद्दल तिचं मत काय, हे कुणी विचारलं नाही, कारण राज्याच्या आमच्या उत्तर भागात तो प्रश्नच नाही. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी हरणांचा मोसम उघडतो, आणि त्या दिवशी लग्नाचा मुहूर्त धरणाऱ्याला गाव जन्मभर माफ करत नाही. मार्लिसनंही बाराव्या वर्षी पहिलं हरीण पाडलं होतं.

तिचा नवरा गॉर्डी कागद गिरणीत यंत्रावर होता. गिरणी बंद पडली तेव्हा इतर जण चिडले, दारू प्यायले, दुसऱ्या गावी गेले. गॉर्डीनं यातलं काहीच केलं नाही. तो खुर्चीत बसला. आधी बातम्या बघायचा, मग नुसताच टीव्हीकडे बघायचा, मग टीव्ही बंद असला तरी तिकडेच. बोलायला गेलं तर "ठीक आहे" म्हणायचा, आणि त्या दोन शब्दांना मार्लिस इतकी भ्यायला लागली की तिनं "कसा आहेस" विचारणंच सोडलं.

मार्चमधल्या एका सकाळी पोरांना शाळेत सोडून ती घरी आली तेव्हा गॉर्डी गॅरेजमध्ये मांडीवर रायफल घेऊन बसला होता. तिला वाटलं आपण ओरडू. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "गॉर्डी, कॉफी निवतेय." तो उठला आणि आत आला. दोघांनी कॉफी घेतली. त्या सकाळबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी तिनं घरातल्या सगळ्या रायफली गोधडीत गुंडाळल्या, गाडीच्या डिकीत घातल्या आणि स्टॅनच्या बंदुकीच्या दुकानात नेऊन दिल्या. स्टॅननं गोधडीकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता मागच्या तिजोरीत जागा केली. घरी तिनं सांगितलं, साफ करायला टाकल्यात. गॉर्डी "ठीक आहे" म्हणाला. उन्हाळा गेला, पानं गळली, त्यानं त्या परत मागितल्या नाहीत.

ऑक्टोबरात स्टॅननं तिला बोलावून घेतलं. त्याच्या विमावाल्यांनी कान टोचले होते. दुसऱ्याच्या बंदुका अशा ठेवून घेशील आणि परत दिल्यावर कुणाचं बरंवाईट झालं, तर खटला तुझ्यावर. मालकानं मागितल्यावर दिल्या नाहीस, तरी खटला तुझ्यावरच. "मोसम उघडायच्या आत ने, मार्लिस," तो म्हणाला. "माझा जीव तुटतोय, पण दुकान गेलं तर मी काय करू?"

"आणि मी काय करू?"

स्टॅननं खाली बघून काउंटर पुसला. काउंटर स्वच्छच होता.

मग त्यानंच तिला विधेयकाचं सांगितलं. आपल्या क्लेटननं आणि मिलवॉकी शहरातल्या कुणी रोशेल टेट म्हणून डेमोक्रॅट आमदारबाई आहेत त्यांनी मिळून आणलंय. कुणीही स्वतःहून, किंवा घरच्यांनी काळजीपोटी, बंदूक दुकानात ठेवायला दिली तर दुकानदारानं ठेवावी, परत देण्याआधी थोडे दिवस थांबावं, आणि त्यासाठी त्याला कोर्टात खेचू नये. एवढंच. कुणाची बंदूक जप्त नाही, काही नाही. दोन्ही पक्षांची नावं एका कागदावर, हे आमच्याकडे हल्ली धूमकेतूसारखं झालंय. मार्लिसला वाटलं, वाचलो. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदा नीट झोप लागली.

विधानसभेच्या समितीपुढे लोकांचं म्हणणं ऐकायचा दिवस मोसमाच्या आदल्या आठवड्यात होता. मार्लिसनं बसला बदली माणूस दिला, गॉर्डीला सांगितलं बहिणीकडे जाते, आणि पहाटे राजधानीची, मॅडिसनची वाट धरली. वाटभर ती पाठ करत होती: माझं नाव मार्लिस ड्रेगर, मी रिपब्लिकन आहे, मी शिकार करते, आणि माझा नवरा. तिथं आलं की अडायचं. पुन्हा पहिल्यापासून.

सभागृहात डावीकडे एका रंगाचे टीशर्ट, उजवीकडे दुसऱ्या रंगाचे. मार्लिस नारिंगी शिकारी जाकीट घालून गेली होती, कारण तिचं ऊबदार जाकीट तेच. दोन्ही बाजूंनी तिच्याकडे संशयानं पाहिलं. जागा एकच रिकामी होती, रोशेल टेटबाईंच्या शेजारी. बाईंनी आपली पर्स उचलून तिला बसायला दिलं.

आधी उजवीकडचा एक दाढीवाला बोलला. आज म्हणतील ठेवायला द्या, उद्या म्हणतील परत मिळणार नाही. असंच सुरू होतं, आणि क्लेटन बर्गडॉर्फ यांनी उत्तरेची मान शहरवाल्यांच्या हातात दिली आहे. टाळ्या. मग डावीकडची एक आई बोलली. तिचा मुलगा दुकानातून त्याच दिवशी घेतलेल्या पिस्तुलानं गेला होता. दुकानदारांना कोर्टापासून वाचवणारा कायदा माझ्या नावानं करू नका, मी जाब कुणाला विचारायचा मग? तिकडूनही टाळ्या. मार्लिसला त्या आईच्या पाया पडावंसं वाटलं आणि तिचं तोंड बंद करावंसंही वाटलं. दोघंही खोटं बोलत नव्हती. पण दोघांच्या मध्ये तिच्या घरी एक माणूस खुर्चीत बसला होता, त्याचं काय?

तिचं नाव पुकारलं. मायक्रोफोनपुढे तिचा बसमधला आवाज कुठे गेला कोण जाणे.

"माझ्या ओळखीचा एक माणूस आहे," ती म्हणाली. "चांगला माणूस आहे. त्याच्या घरच्यांनी त्याच्या बंदुका दुकानात ठेवल्यात म्हणून तो आज आहे. त्या परत आल्या तर नसेल. याहून मला काही सांगता येत नाही."

समितीतला एक तरुण सदस्य पुढे वाकला. क्लेटनच्या जागेवर याच्याच गटानं डोळा ठेवलेला. "बाई, हा माणूस खरा आहे? नाव काय त्याचं? का टेटबाईंच्या ऑफिसनं लिहून दिलाय?"

उजवीकडे हशा पिकला. मार्लिसनं हे सगळं टीव्हीवर दाखवणाऱ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. गावात कुणी ना कुणी बघत असणारच. गॉर्डी उद्या दुकानात जाईल आणि लोक त्याच्याशी हळू आवाजात बोलतील. गिरणी गेली, बोलणं गेलं, आता चारचौघांतला मानही मीच काढून घेऊ?

"खरा आहे," ती म्हणाली. नाव तिनं घेतलं नाही.

"आपली वेळ संपली," अध्यक्ष म्हणाले.

परत येऊन बसली तेव्हा टेटबाईंनी तिचे हात आपल्या हातांत धरून ठेवले. मतदान झालंच नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर विधेयक बासनात गुंडाळलं गेलं. क्लेटन तिला बाहेरच्या गॅलरीत सापडला, चेहरा पांढराफटक.

"मी नाव मागे घेतलं, मार्लिस. घ्यावं लागलं. माझं तिकीट कापलं तर माझ्या जागी त्या मघाच्याच गटातला कुणी येईल, मग तर असलं काही निघणारच नाही. पुढच्या वर्षी पुन्हा आणतो."

"पुढच्या वर्षी कुणासाठी रे?"

मार्लिसला त्याची कीवही आली आणि त्याच्या कानाखाली वाजवावीशीही वाटली. दोन्ही न करता ती जिना उतरली.

घरी पोचली तर अंगणात व्हर्लिनचा पिकअप. व्हर्लिन म्हणजे गॉर्डीचा थोरला भाऊ, मैलभरावर राहणारा, बायको गेल्यापासून एकटा, आणि काउंटीतल्या पक्षाचा खजिनदार. तो स्वयंपाकघरात कॉफी पीत बसला होता. टेबलावर कॅनव्हासमधून अर्धी काढलेली त्यांच्या बापाची जुनी रायफल. गॉर्डीचा हात तिच्या दस्त्यावर होता आणि त्याच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांत न दिसलेली तरतरी होती. मार्लिसनं दाराची चौकट धरली.

"आल्या पुढारीणबाई," व्हर्लिन म्हणाला. "टीव्हीवर छान दिसत होतीस. त्या टेटबाईचा हात बरा होता का गं, गरम होता का?"

"ही रायफल इथं कशी?"

"कशी म्हणजे? बायको तिकडे जाऊन मिळाली, घरातल्या रायफली विकून खाल्ल्या का काय कळत नाही, आणि शनिवारी माझा भाऊ रिकाम्या हातानं रानात येणार? म्हटलं, बाबांची घे. तुझीच समज."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. नाव झाकलं म्हणून व्हर्लिनला फक्त पक्ष दिसला. तिनं नाव घेतलं असतं तर ही रायफल या टेबलावर नसती. नवऱ्याची लाज राखायला गेली आणि लाजेच्या बदल्यात हे घरात आलं. ती स्वतःवर इतकी संतापली की भीतीसुद्धा क्षणभर बाजूला सरली.

"तो माणूस गॉर्डी आहे, व्हर्लिन. ज्याचं मी तिथं सांगितलं तो. घेऊन जा ती."

व्हर्लिननं भावाकडे पाहिलं.

गॉर्डी हसला. कसंनुसं, पण हसला. "तिचं मनावर घेऊ नकोस. या राजकारणानं डोकं फिरलंय तिचं. मी ठीक आहे."

व्हर्लिननं भावावर विश्वास ठेवला. ठेवणारच, कोण ठेवत नाही? कप ठेवला, टोपी घातली. "शनिवारी उजाडायच्या आत येतो न्यायला," म्हणाला आणि निघाला. मार्लिस घराचं दार सताड उघडं टाकून त्याच्या मागे अंगणात गेली आणि स्वयंपाकघरावर नजर ठेवून पिकअपच्या दाराला पाठ लावून उभी राहिली.

"बाजूला हो, मार्लिस."

"मार्चमध्ये तो गॅरेजमध्ये होता. मांडीवर रायफल. आणि बाकावर त्यानं घड्याळ काढून ठेवलं होतं, पाकीट, किल्ल्या, लग्नाची अंगठी. ओळीनं. एकमेकांना समांतर. जसं कुणाला तरी उचलायला सोपं जावं."

व्हर्लिनचा हात दाराच्या कडीवरून खाली आला. मग तो म्हणाला, "बाबांनीही ओळीनं ठेवलं होतं."

"बाबा रायफल साफ करताना गेले ना?"

"मी खिशात घातलं सगळं. आई यायच्या आत. आणि साफ करताना गेले म्हणून सांगितलं." त्याचा आवाज एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला. "गॉर्डी लहान होता. त्यालाही तेच सांगितलं."

तो घरात गेला. मार्लिसला दारातून दिसत होतं. त्यानं रायफल उचलली, कॅनव्हासात गुंडाळली. गॉर्डीनं अडवलं नाही. त्यानं फक्त टेबलावरचा हात मागे घेतला आणि दोन्ही हात मांडीत ठेवले. व्हर्लिन बाहेर आला आणि रायफल छातीशी धरून पिकअपपाशी उभा राहिला.

"तुझ्याकडे ने," मार्लिस म्हणाली.

"माझ्याकडे नको."

"अरे, कुलूप लाव चांगलं, किल्ली मला दे."

"माझ्या घरी नको म्हणतो ना." त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही. "थंडी सुरू झाली की मलाही बरं नसतं, मार्लिस. बायको गेल्यापासून. बाकीच्या आहेतच घरात. त्यांत ही नको."

मार्लिसनं त्याच्याकडे नव्यानं पाहिलं. खजिनदार, थोरला दीर, सगळ्या सभांमध्ये सर्वांत मोठ्या आवाजात बोलणारा.

"स्टॅनकडे टाकू?" त्यानं विचारलं.

"स्टॅन घेत नाही आता. आहेत त्याच परत न्या म्हणतो. कायदा झाला असता तर घेतल्या असत्या."

व्हर्लिननं मान हलवली. मग म्हणाला, "सोमवारी मी क्लेटनला फोन केला होता. म्हटलं, या कागदावर तुझं नाव राहिलं तर काउंटीतून एक डॉलर दिसायचा नाही तुला."

तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण तो रायफल धरून असा उभा होता, की तिला एकच भीती वाटली: हा आता एकटा गाडीत बसून या रायफलीसकट जाईल. त्याला जाऊ देता येईना. त्याच्याबरोबर जावं तर गॉर्डी घरात एकटा. तिला रडू फुटलं, ते तिनं अडवलं नाही. मग तिनं बसमधल्या आवाजात घराकडे हाक मारली.

"गॉर्डी, कोट घाल आणि बाहेर ये."

गॉर्डी दारात आला. त्यानं भावाच्या हातातलं गाठोडं पाहिलं, मग भावाचं तोंड पाहिलं. कुणी त्याला काही सांगितलं नव्हतं, तरी त्याला काहीतरी समजलं असावं. "कुठं जायचंय?" त्यानं विचारलं.

"मला माहीत नाही," मार्लिस म्हणाली. "पण तिघांनीही जायचंय."