देवाजीमामांचा आग्रह

देवाजीमामा साकोलीकडून भिलाईला आले ते वाढपी म्हणून. पोलादाचा कारखाना अजून अर्धामुर्धा उभा होता. पण रशियन इंजिनियरांसाठी तलावाकाठचं भलंमोठं हॉटेल आधी तयार झालं. सभेचा हॉल काय, फिरायला होड्या काय! आम्ही कामगार तंबूत, पाहुणे पंख्याखाली. असो.

मामांची नोकरी कच्ची होती. पक्की होऊन क्वार्टर मिळाल्याशिवाय मी काही येत नाही, असं कौशल्यामामीने गावाहून ठणकावून कळवलं होतं. रशियन आणि आपल्या साहेबांच्या मोठ्या सभेचं जेवण नीट पार पाड, मग बघू, असं हॉटेलचा मॅनेजर म्हणाला.

मामांचा जन्म लग्नाच्या पंगती वाढण्यात गेलेला. आमच्याकडे पाहुण्याने दोन्ही हात ताटावर आडवे धरले की त्याचं पोट भरलं. तोवर वाढत राहायचं. रशियनांना हे कोण सांगणार? ताटात टाकणं त्यांच्यात वाईट. ते बिचारे संपवत गेले, मामा वाढत गेले. जिलेबी, मठ्ठा, पुन्हा जिलेबी. किती दिवसांची उपाशी माणसं ही, असं वाटून मामांचे डोळे भरून आले.

दुपारची सभा सुरू झाली आणि हॉल घोरू लागला. यंत्रं आधी कुठली बसवायची यावरून सकाळी टेबल बडवणारे दोन्हीकडचे साहेब आता एकमेकांच्या खांद्यावर डुलत होते. मॅनेजरने मामांना गावची गाडी धरायला सांगितलं.

"साहेब, पाहुण्याले उपाशी ठेवून कसं चालन?" एवढंच मामा बोलले आणि पेटी बांधायला गेले. पेटीवर बसून ते चक्क रडले. आता मामी कशाची येते!

संध्याकाळी साहेब जागे झाले, पण भांडायची ताकद कुणात उरली नव्हती. कित्येक दिवस अडलेलं सगळं चहाच्या आधी ठरलं. थोरला रशियन खूश झाला. या माणसाला पक्का करा, असं त्याने पोटावर हात ठेवून सांगितलं; फक्त जेवणाच्या हॉलात नको.

मामा पक्के झाले, ते होडीवर. मामी आली त्याच दिवशी मामांनी तिला स्टेशनावरून पेटीसकट थेट होडीत बसवलं. एक फेरी झाली, दुसरी झाली. मामी काठाकडे बघायची, मामा आणखी एक फेरी म्हणायचे. शेवटी मामीने दोन्ही हात ताटावर धरावेत तसे मांडीवर आडवे धरले.

"बस झालं जी. आता क्वार्टर दाखवा मले."

मामांनी होडी वळवली.